रिपोर्ट कोरे, पोट मात्र भरलेले: आतड्यांच्या दाहविकारातील पथ्याविषयी दोन चुकीची उत्तरे

दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरात किंवा मुखर्जीनगरात स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी येऊन राहिलेला एखादा मराठी विद्यार्थी डोळ्यांसमोर आणावा. वय चोवीस-पंचवीस. दोन वर्षांपूर्वी शौचावाटे रक्त पडू लागले, कोलोनोस्कोपी झाली, अल्सरेटिव्ह कोलायटिसचे निदान झाले, गोळ्या सुरू झाल्या आणि रक्त थांबले. आज त्याच्या तपासण्या निर्दोष आहेत. कॅलप्रोटेक्टिन मर्यादेत, हिमोग्लोबिन ठीक, आतड्याचे अस्तर भरून आलेले. तरीही मेसमधला राजमा-चपातीचा डबा रिकामा झाला की तासाभरात पोट नगाऱ्यासारखे फुगते, मुरडा येतो, अभ्यासिकेत बसवत नाही. परीक्षा केंद्रावर पोहोचल्यावर त्याला स्वतःचा बैठक क्रमांक शोधण्याआधी स्वच्छतागृह कुठे आहे ते शोधावे लागते.

या विद्यार्थ्याला दोन उत्तरे मिळतात. बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टर रिपोर्ट चाळून म्हणतात, ‘सूजन नहीं है, सब खा सकते हो, टेन्शन मत लो.’ हातातला मोबाइल म्हणतो, ‘गहू सोडा, दूध सोडा, महिन्याभरात गोळ्याही सुटतील.’ पहिले उत्तर अर्धे आहे आणि दुसरे घातक. मात्र एक गोष्ट मान्य करावी लागेल. दुसऱ्या उत्तराचा धंदा चालतो तो पहिले उत्तर अर्धे सोडले जाते म्हणून.

सूज ओसरल्यावरही टिकून राहणाऱ्या तक्रारी हा अपवाद नव्हे. आतड्यांचा दाहविकार शांत असलेल्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना पोट फुगणे, दुखणे, घाईची शौच यांसारखा त्रास होत राहतो, असे जगभरच्या अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांतून पुन्हापुन्हा दिसले आहे. भारताचे प्रमाणही आता दुर्लक्षण्याजोगे नाही. हा पाश्चात्त्य श्रीमंतांचा आजार, हा समज पंजाबातील पाहणीने 2003 सालीच मोडला होता. तिथे अल्सरेटिव्ह कोलायटिसचे प्रमाण दर लाखामागे 44.3 आढळले. रुग्णांत तरुणांचा भरणा मोठा, म्हणजे शिक्षण, नोकरी, लग्न या सगळ्यांच्या ऐन तोंडावर उभे असलेले लोक. त्यांच्या दृष्टीने ‘सूज नाही’ हे वाक्य दिलासा देणारे असले तरी पुरेसे नाही.

सूज नसताना त्रास कशाने होतो? काही कर्बोदके लहान आतड्यात नीट शोषली जात नाहीत. काही आपल्याबरोबर पाणी ओढून घेतात, काही मोठ्या आतड्यात पोचतात आणि तेथील जिवाणू त्यांना आंबवून वायू तयार करतात. ही क्रिया प्रत्येक माणसात होते आणि ती रोग नव्हे. नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी 2017 साली एमआरआयच्या साह्याने एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. आतड्याची संवेदनशीलता वाढलेले म्हणजे आयबीएसचे रुग्ण आणि निरोगी माणसे अशा दोघांनाही त्यांनी इन्युलिन दिले. दोघांच्याही मोठ्या आतड्यात वायू जवळपास सारखाच भरला, पण कळा मात्र रुग्णांनाच अधिक आल्या. फरक वायूत नव्हता, तो वायूचा ताण जाणवणाऱ्या मज्जातंतूंत होता. हा प्रयोग दाहविकाराच्या रुग्णांवर झालेला नाही. तरी महिनोन्‌महिने सुजून, व्रण पडून बऱ्या झालेल्या आतड्याच्या मज्जातंतूंनाही असेच हळवेपण येते, असे मानण्यास सबळ आधार आहे. म्हणून ‘मनाचा खेळ’ हा शेरा निव्वळ उद्धट नाही, तो शास्त्रदृष्ट्याही चूक आहे. कळ खरी असते. कॅमेऱ्याला ती दिसत नाही, एवढेच.

या कर्बोदकांना ‘फोडमॅप’ हे नाव मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातील पीटर गिब्सन आणि स्यू शेफर्ड यांनी 2005 साली दिले. गंमत अशी की आज हा शब्द आयबीएसशी जोडला जात असला तरी त्यांचा तो मूळ लेख क्रोन्स विकाराविषयी होता. पुढे 2020 साली लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या गटाने नेमका आपल्या विद्यार्थ्यासारखा रुग्ण घेऊन चाचणी केली. आजार शांत, तक्रारी चालू, असे 52 जण. निम्म्यांना चार आठवडे कमी फोडमॅपचा आहार, उरलेल्यांना तितकाच सल्ला पण नकली पथ्याचा. पहिल्या गटातील 27 पैकी 14 जणांनी पुरेसा आराम पडल्याचे सांगितले, दुसऱ्यातील 25 पैकी केवळ 4 जणांनी.

ही चाचणी लहान होती. तक्रारींची तीव्रता गुणांकाने मोजली असता दोन गटांतील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही, हेही त्याच शोधनिबंधात लिहिलेले आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. दाहाच्या मोजमापांवर आहाराचा काहीच परिणाम झाला नाही, हे तर सर्वांत महत्त्वाचे. या पथ्याने आजार बरा होत नाही. त्याने त्रास कमी होऊ शकतो. या दोन विधानांतील अंतर ज्याला कळले त्याला या विषयातील बहुतेक भोंदूगिरी आपोआप ओळखता येईल. अमेरिकेच्या गॅस्ट्रोएंटरॉलॉजी संघटनेने 2019 साली दिलेला व्यावसायिक सल्लाही याच बेताचा आहे. आधी सूज खरोखर नाही याची खात्री करा, आतडे कुठे अरुंद झाले आहे का ते पाहा, पित्तक्षार आणि जिवाणूंची अतिवाढ यांचा विचार करा, आणि मग पोषण सांभाळून हा आहार देऊन पाहा. भारतात या यादीत आतड्याचा क्षयही धरावा लागतो, कारण क्रोन्स आणि क्षय यांची गल्लत इथे चांगल्याचांगल्या डॉक्टरांकडूनही होते. मुद्दा असा की, ‘सब खा सकते हो’ म्हणून रुग्णाला वाटेला लावण्याचा परवाना हा पुरावा देत नाही.

या डॉक्टरांची बाजू मात्र पुरती ऐकली पाहिजे. आपल्याकडे पथ्याच्या नावाखाली रुग्णाला उपाशी मारण्याची परंपरा जुनी आहे. कोलायटिसचे निदान झाले की घरातील थोर मंडळी दूध, डाळ, पालेभाजी, फळ, सगळे बंद करतात. उरतो तो मऊ भात आणि त्यावर थोडे मीठ. वजन घटते, लोह घटते, आणि स्टेरॉइड घेऊन आधीच ठिसूळ झालेल्या हाडांना कॅल्शियम मिळत नाही. अशा रुग्णांना पाहून पाहून ‘काहीही खा’ म्हणणारा डॉक्टर निष्काळजी असतोच असे नाही. उपासमार थांबवण्याची त्याची इच्छा असते. पण सगळे सोडा आणि काहीच सोडू नका यांच्या मधोमध बरीच मोठी जागा आहे, आणि विज्ञानाचे काम त्याच जागेत चालते.

या जागेत दिल्लीचे स्वयंपाकघर कसे दिसते? इथे किंग्ज कॉलेजच्याच 2017 सालच्या दुसऱ्या एका लहान प्रयोगाचा उल्लेख अवश्य केला पाहिजे, कारण त्याचा निष्कर्ष आपल्या घरगुती समजुतीच्या अगदी उलट आहे. शांत दाहविकाराच्या 29 रुग्णांना आळीपाळीने तीन तीन दिवस वेगवेगळी कर्बोदके दिली गेली. गहू-कांदा-लसणातील फ्रुक्टॅन, कडधान्यांतील गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड, सॉर्बिटॉल, आणि तुलनेसाठी साधे ग्लुकोज. ग्लुकोजवर सुमारे 90 टक्के रुग्ण समाधानी राहिले, फ्रुक्टॅनवर सुमारे 62 टक्के. कडधान्यांतील शर्करा आणि सॉर्बिटॉल यांनी मात्र लक्षणीय फरक पडला नाही. फ्रुक्टॅनची मात्रा दिवसाला 12 ग्रॅम होती, डाळीतल्या शर्करेची त्याच्या निम्मी. म्हणून डाळ संपूर्ण निर्दोष सुटली असे कोणी म्हणू नये. पण संशयितांच्या रांगेत पहिला कोण उभा करायचा हे यावरून ठरते, आणि तो वरण नव्हे.

घरोघरी होते नेमके उलटे. पोट फुगले की पहिली गदा डाळीवर येते. शाकाहारी विद्यार्थ्याच्या ताटातील प्रथिनांचा मुख्य आधार निघून जातो आणि त्याच्या जागी आणखी दोन चपात्या वाढल्या जातात. गव्हाच्या पिठात फ्रुक्टॅन शेकडा एक-दोनच असते, हे खरे. मात्र दिल्लीत कणीक हा तोंडीलावण्याचा प्रकार नव्हे. दिवसाला 200 ग्रॅम कणीक पोटात गेली तर तेवढ्यातूनच दोन ते चार ग्रॅम फ्रुक्टॅन जाते. त्यावर कांदा-लसणाची वाटून, परतून, आटवून केलेली ती सर्वव्यापी तांबडी ग्रेव्ही. तीच मटर-पनीरला, तीच छोल्यांना, तीच राजम्याला. लसणात फ्रुक्टॅनचे प्रमाण गव्हाच्या कितीतरी पट आहे. पाश्चात्त्य आहारपत्रिका सांगते की लसूण तेलात परतून मग काढून टाका, फ्रुक्टॅन तेलात विरघळत नाही, स्वाद तेवढा उतरतो. रसायनशास्त्राच्या दृष्टीने सल्ला उत्तम. पण ज्या पाककलेत कांदा-लसूण हाच रश्शाचा सांगाडा आहे तिथे काढून काय टाकणार? मेलबर्नच्या तक्त्याची छायाप्रत काढून करोलबागेतील रुग्णाच्या हाती देणे म्हणजे त्याला परक्या शहराचा नकाशा देऊन रस्ता शोध म्हणण्यासारखे आहे. त्यात ब्लूबेरी, केल, किन्वा सापडतील. दुधीभोपळा, दोडकी, भगर, सुरण यांच्यापुढे रुग्णाने प्रश्नचिन्ह टाकायचे.

वस्तुतः कांदा-लसूण टाळण्याचे ज्ञान आपल्याला कोणी ऑस्ट्रेलियातून पाठवण्याची गरज नव्हती. आषाढात कांदेनवमीला भजी खाऊन मग चातुर्मासभर कांदा-लसूण-वांगे वर्ज्य करणारी घरे महाराष्ट्रात अजून आहेत. जैन आणि वैष्णव स्वयंपाकाने तर हिंग, जिरे यांच्यावर संपूर्ण पाकशास्त्र उभे केले. उपवासाच्या ताटातील साबुदाणा, बटाटा आणि बेताचे शेंगदाणे हे तिन्ही फोडमॅपच्या कसोटीवर बऱ्यापैकी उतरतात. (अर्थात साबुदाणा तुपात पोहत असेल तर पोट वेगळ्या कारणाने तक्रार करील.) चातुर्मास कोणी पोटाच्या मज्जातंतूंसाठी घडवला नाही, आणि आपल्या पूर्वजांना फ्रुक्टॅन ठाऊक होते अशी फुशारकी मारणाऱ्यांची संख्या आधीच पुरेशी आहे, तिच्यात भर नको. सांगायचे इतकेच की चार आठवडे कांदा-लसणाशिवाय, गव्हाऐवजी तांदूळ, ज्वारी किंवा बाजरीवर, मुगाच्या वरणासह जेवणे हे या देशातील रुग्णाला लंडनच्या रुग्णापेक्षा सोपे असायला हवे. ते अवघड होते कारण कोणी त्याला त्याच्या भाषेत, त्याच्या भांड्यांच्या हिशेबाने सांगत नाही.

दुधाची कथाही अशीच. ‘दूध बंद’ हा सरसकट हुकूम देण्यापूर्वी 1981 साली प्रसिद्ध झालेला एक भारतीय अभ्यास आठवावा. दिल्लीकडच्या लोकांत लॅक्टोज न पचण्याचे प्रमाण सुमारे 27 टक्के, तर दक्षिण भारतीयांत सुमारे 67 टक्के आढळले होते. म्हणजे एकाच वॉर्डातील शेजारशेजारच्या दोन खाटांवर एक हरियाणाचा आणि एक तमिळनाडूचा रुग्ण असेल तर दोघांना एकच नियम लावणे हा आळस आहे. तपासून ठरवता येते. नपेक्षा दोन आठवडे दूध थांबवून, पुन्हा सुरू करून पाहता येते. दही आणि पनीर यांत लॅक्टोज कमी असते, त्यामुळे कॅल्शियमची वाट पूर्ण बंद करण्याची गरज बहुधा पडत नाही.

आता मोबाइलकडे वळू. तिथे सर्वाधिक उल्लेख होतो तो दिल्लीच्याच एम्सचा. एम्समधील विनीत आहुजा, सौरभ केडिया आणि सहकाऱ्यांनी 2022 साली ‘गट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेली चाचणी ही भारतीय वैद्यकाला अभिमान वाटावा अशी कामगिरी आहे. सौम्य ते मध्यम अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या रुग्णांना ग्रामीण दात्यांच्या विष्ठेतील जिवाणूंचे सात साप्ताहिक रोपण आणि सोबत दाहशामक आहार देण्यात आला. आठ आठवड्यांनी 35 पैकी 21 जणांचा आजार शांत झाला. नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्या 31 जणांत हा आकडा 10 होता. पुढे वर्षभर आहार चालू ठेवणाऱ्या 24 पैकी 6 जणांत आतड्याचे अस्तरही निरोगी राहिले. दुसऱ्या गटात असे कोणीही नव्हते.

आणि या निष्कर्षाचे समाजमाध्यमांवर काय होते? ‘एम्सने सिद्ध केले, आहाराने कोलायटिस बरा होतो.’ या एका वाक्यात तीन खोट्या गोष्टी आहेत. त्या रुग्णांची आधीची औषधे चालूच होती. पहिल्या आठ आठवड्यांत आहारासोबत जिवाणूरोपण होते, त्यामुळे श्रेय एकट्या आहाराला देता येत नाही. आणि वर्षअखेर 24 पैकी 6, म्हणजे शंभरात 25. आशादायक आकडा, पण बरे होणे म्हणतात ते हे नव्हे. शिवाय ही चाचणी सूज चालू असलेल्या रुग्णांची होती. सूज ओसरून केवळ त्रास उरलेल्या आपल्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर तिने दिलेले नाही आणि देण्याचा दावाही केलेला नाही. दाहशामक आहार आणि कमी फोडमॅपचा आहार या वेगवेगळ्या हेतूंच्या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची खिचडी केली की दोन्हींचा पुरावा नासतो.

त्याच एम्सची दुसरी एक चाचणी मात्र कोणी शेअर करत नाही. हळदीतील कर्क्युमिन दिवसाला 450 मिलिग्रॅम देऊन 62 रुग्णांवर केलेल्या, 2017 साली प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ते नकली गोळीपेक्षा सरस ठरले नाही. अन्यत्र मोठ्या मात्रेने, औषधांच्या जोडीला दिलेल्या कर्क्युमिनने काही फायदा दाखवला आहे, ही निराळी गोष्ट. पण स्वयंपाकातील चिमूटभर हळदीवर कोलायटिस सोपवणाऱ्यांनी आपल्याच राजधानीतील हा नकारार्थी निकाल एकदा वाचायला हवा. प्रयोग फसल्याचे प्रामाणिकपणे छापणे हेही विज्ञानच असते. बातमीत त्याला जागा मिळत नाही, हा बातमीचा दोष.

औषधे सोडण्याची किंमत किती, याचेही उत्तर जुने आहे. मेसालामाइन नियमित न घेणाऱ्या रुग्णांत आजार उलटण्याचा धोका पाचपटीहून अधिक असल्याचे 2003 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले होते. जो सल्लागार ‘गोळ्या हळूहळू बंद करू’ म्हणतो, तो रक्तस्राव पुन्हा सुरू झाल्यावर रुग्णाबरोबर इस्पितळात येत नाही.

गव्हाच्या बाबतीत तर या मंडळींनी राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात वेगळीच हानी करून ठेवली आहे. इथल्या लोकवस्तीत 10,488 जणांची पाहणी करून एम्सच्या गोविंद मखारिया आणि सहकाऱ्यांनी 2011 साली दाखवले की सिलिअ‍ॅक विकाराचे प्रमाण येथे सुमारे 96 जणांत एक एवढे आहे. गव्हातील ग्लुटेनमुळे लहान आतड्याचे अस्तर झिजवणारा हा आजार. त्याची रक्तचाचणी आणि बायॉप्सी विश्वासार्ह ठरते ती रुग्ण गहू खात असेपर्यंतच. आधी गहू सोडला आणि तीन महिन्यांनी तपासणी केली तर निदान हुकते, आणि ज्याने आयुष्यभर कणभरही ग्लुटेन खाऊ नये त्याला ते कधीच कळत नाही. अशा माणसाला बाजारातील बांधणीचा हिंगसुद्धा चालत नाही, कारण त्यात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते. उलट ज्यांना सिलिअ‍ॅक नाही आणि तरी गव्हाने त्रास होतो, त्यांच्यापैकी अनेकांचा आरोपी ग्लुटेन नसून फ्रुक्टॅनच असावा, असे नॉर्वेतील 59 जणांच्या 2018 सालच्या चाचणीत दिसले. त्या मंडळींना महागडे ग्लुटेनमुक्त पीठ विकले जाते आणि भाजीतला लसूण तसाच राहतो.

कमी फोडमॅपचा आहार अंगी लावून घेण्याचा नाही, हेही तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे. लंडनच्या त्याच 2020 सालच्या चाचणीत चार आठवड्यांतच बिफिडोबॅक्टेरियमच्या काही जाती आणि फेकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी यांचे प्रमाण घटले. हा दुसरा जिवाणू दाह आवरणारा मानला जातो आणि क्रोन्सच्या रुग्णांत तो मुळातच कमी आढळतो. म्हणजे आराम देणारे पथ्य उपकारक जिवाणूंना उपाशीही ठेवते. चार आठवडे ठीक, चार वर्षे नव्हे. नंतर एकेक पदार्थ मोजून मापून परत आणायचा. आधी अर्धा चमचा कांदा, मग दोन चपात्या, मग वाटीभर राजमा, आणि ज्याने खरोखर त्रास होतो तेवढेच कमी करायचे. प्रत्यक्षात रुग्ण पहिला टप्पा पाळतो आणि तिथेच अडकून पडतो, कारण पुढचा टप्पा सांगणारे कोणी त्याला पुन्हा भेटत नाही. पुढे पुढे तो लग्नात जेवत नाही, मित्रांबरोबर ढाब्यावर जात नाही. अन्नाची भीती हाच त्याचा नवा आजार होतो.

म्हणून खरा प्रश्न आहार चालतो की नाही हा नाहीच. तो कोण सांगणार, हा आहे. संसदेने 2021 साली सहयोगी आरोग्य व्यवसायांचा कायदा केला आणि त्यात आहारतज्ज्ञांचाही समावेश केला. तरी मोबाइलवर ‘गट हेल्थ कोच’ होण्यासाठी आजही चांगला कॅमेरा पुरतो. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरला एका रुग्णामागे पाच मिनिटे मिळत नाहीत, हे सगळ्यांनाच दिसते. पण आहारतज्ज्ञाच्या खोलीपर्यंत रुग्णाला पाठवणारी चिठ्ठी लिहायला अर्धे मिनिट लागते. त्या चिठ्ठीवर काय असावे हेही अवघड नाही. कॅलप्रोटेक्टिन किती, सिलिअ‍ॅकची चाचणी गहू चालू असताना झाली का, वजन किती, औषधे पूर्वीसारखीच चालू. गहू, कांदा, लसूण चार आठवडे बंद. वरण चालू. आणि सर्वांत खाली, पुन्हा भेटण्याची तारीख.